कागदात नसलेली दवंडी

बाबालाल गेल्याचं कळलं तेव्हा मी कचेरीत त्याच्यासाठीच कागद लिहीत होतो. प्लेगच्या टोचणीची दुसरी फेरी सोमवारी, एवढं लिहून झालं होतं. शिपाई म्हणाला, "अण्णा, बाबालाल प्लेगनं गेला." मी म्हटलं, "मग दवंडी कोण देणार?" असं कसं बोललो, माझं मलाच उमगत नाही. महिना होऊन गेला, तरी नाही.

पंधरा वर्षं मी लिहायचो आणि तो ओरडायचा. आमचा कसबा कानडी मुलखाला लागून, म्हणून चौकात हलगी वाजवून तो आधी मराठीत सांगे, मग कानडीत. त्यानंतर पदरचं सुरू व्हायचं... कुणाचं वासरू चुकलंय, कुणाची लेक बाळंत झालीय. कागदात नाही ते सांगू नकोस, म्हणून मी डाफरायचो. तो हसायचा. "कागूद सरकारचा हाय अण्णा, गळा माझा हाय की."

थंडीत कोल्हापूरहून डॉक्टर लस घेऊन आले, तेव्हा कुणी फिरकेना. सुईनंच माणूस मरतो अशी बोलवा होती, आणि खरं सांगतो, मीही टरकलो होतो. दुसऱ्या दिवशी बाबालाल दंडाला चिंधी बांधून चौकात उभा राहिला. माझा कागद संपला आणि तो म्हणाला, "म्या कालच टोचून घेतलंय. हात सुजतोय, मानूस मरत न्हाय. या की गुमान." गाव लोटलं. त्याची चिंधी बघूनच मीही बाही वर केली.

तो गेल्यावर डॉक्टरांचं रजिस्टर नकलेसाठी माझ्याकडे आलं. चार वेळा पाहिलं. बाबालालचं नाव नव्हतं. कंपाउंडर म्हणाला, तो सुईकडे आलाच नव्हता. भ्याला होता का? की आधी बाकीच्यांचं होऊ दे म्हणता म्हणता राहून गेलं? मला त्याचा भयंकर राग आला, आणि लगेच स्वतःचा धडधाकट दंड बघून लाज वाटली... गावात तर वेगळंच सुरू झालं होतं. टोचून घेऊनही बाबालाल मेला, मग सुई हवी कशाला? गप्प बसावं तर माणसं जाणार, आणि बोलावं तर ज्याच्या शब्दावर गाव चालत होतं तो खोटारडा ठरणार. दोन दिवस असेच काढले. शेवटी त्याच्या आईकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

अम्मा उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा ल्योक खोटं बोलला म्हनायचं व्हय?"

"व्हय, अम्मा."

"मग सांगा तसं. मोठ्यानं सांगा. मला घरात ऐकू आलं पायजे."

जन्मात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. त्या संध्याकाळी चौकात उभा राहून ओरडलो की बाबालालनं सुई घेतली नव्हती, म्हणून तो गेला. घसा फाटला. मी वैर साधलं की मैत्री निभावली, ते काही कळेना.

सोमवारी रांग लागली. या खेपेला नावं मी लिहीत होतो. अम्माची पाळी आली. तिनं बाही वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "त्येनं का न्हाय घेतली, अण्णा?"

"ठाऊक न्हाय," मी म्हटलं, आणि तिचं नाव लिहिलं.