दोनदा आपटलेला हात

पुण्याला उत्स्फूर्त नाटकाचं आठ दिवसांचं शिबिर करून आलो होतो, म्हणून नांदेडच्या आमच्या नाटकाच्या गटात शिकवायचा मान माझ्याकडे. संहिता नाही, पाठांतर नाही. समोरच्यानं जे दिलं ते घ्यायचं आणि त्यावर आपलं काही चढवायचं. ‘नाही’ म्हणायचं नाही, त्यानं प्रसंग मरतो. सहन होईना झालं तर जमिनीवर तळहात दोनदा आपटायचा, की सगळं तिथंच थांबलं पाहिजे. हे नियम मीच सांगितले होते.

त्या दुपारी भूमिकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या मित्राला मालक आला, मला सालगडी. तो आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. त्याचे आजोबा आमच्या शेतावर सालानं राबलेले. हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

तो घडीच्या लोखंडी खुर्चीत पाय पसरून बसला.

“ये रे. बूट काढ माझे.”

नियम होता. मी वाकलो, नाडी सोडली. पोरं हसली.

“हळू की. हात हायेत का खुरपं?”

अगदी माझ्या वडिलांचा आवाज. त्यानं तो लहानपणापासून ऐकलेला.

मी बुटासकट पाय ओढला. खुर्ची कलंडली, तो पाठीवर आदळला. तरी त्यानं प्रसंग सोडला नाही. पडल्या पडल्या म्हणाला, “गड्याला लई माज आलाय. मोडा याचं साल.”

मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. खरी. मग दुसरी. त्यानं जमिनीवर हात आपटला. एकदा. दोनदा. मला दिसलं नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. मला दिसलं होतं. मी खुर्ची मिटवली आणि त्याच हातावर घातली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसं मनगट वाजलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, “तालमीत पडला.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “हाव, पडलो. आन् वरून खुर्ची पडली.”

माझं घेतलं, त्यावर आपलं चढवलं.

पोलीस भरतीची त्याची मैदानी चाचणी अठरा दिवसांवर होती. गोळा उजव्या हातानं फेकायचा. वयात बसणारी ती शेवटची भरती.

आता तो लातूरला भरतीच्या पोरांचा सराव घेतो. गेल्या महिन्यात सकाळी त्याच्या मैदानावर गेलो. डाव्या हातात चहाचा कप घेऊन उभा होता.

“तू हात आपटला होतास,” मी म्हणालो. “मी पाहिलं होतं.”

“म्हाईत हाय. माझ्याकडं बघूनच मारलंस की.”

“माफ कर मला.”

गोळा फेकताना एका पोराचा पाय रेषेबाहेर पडला. त्याला दोन शब्द सुनावून तो परत आला.

“न्हाई,” म्हणाला. “चहा घ्यायचा तर घे.”

मी घेतला.