शेळीमेंढीच्या मुताचे जाणकार

देवानं शेळीला तोंड दिलं ते चरायला आणि बोलायला मूत दिलं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि तो नेमका माझ्या नशिबी साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात त्यांची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, हे शेळ्यामेंढ्यांच्या लघवीला लागले. चाऱ्यात प्रथिन कमी पडलं की लघवीतला युरिया घटतो, जास्त झालं की वाढतो, ही त्यांची गीता. "पोट फुगलेलं दिसंल, पण पोट खोटं बोलतं. मूत खोटं बोलत न्हाई," हे ते लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता सांगतात. शेजारचा माणूस आपली वाटी हळूच खाली ठेवतो.

बसलेली शेळी उठली की आधी लघवी करते. म्हणून हे गृहस्थ उजाडायच्या आत काठीला डबा बांधून तिच्या मागे उभे राहतात आणि लेकीला शाळेसाठी उठवावं तसं म्हणतात, "ऊठ माय, ऊठ." मेंढीची तऱ्हा वेगळी. तिच्या नाकपुड्या क्षणभर दाबल्या की ती घाबरून तिथल्या तिथे मोकळी होते. भरलेल्या बाटल्या जेवणाच्या डब्यात घालून, गोरेगावहून जीपनं हिंगोली आणि पुढे परभणी गाठून, ओळखीच्या माणसाकडून ते तपासून आणतात. एकदा जीपवाल्यानं विचारलं, "काका, मध हाय व्हय?" तर म्हणाले, "मधापेक्षा गुणाचं हाय. वास घेतो का?" त्या दिवशी हिंगोलीपर्यंत साडूभाऊ ऐसपैस बसून गेले.

आता माझं दुखणं सांगतो. अर्धलीनं, म्हणजे निम्म्या पिल्लांच्या वाट्यावर, सांभाळलेल्या एका शेळीपासून मी माझा शेळ्यामेंढ्यांचा कळप उभा केला. मी तापट आहे, हे गोरेगावात कुणालाही विचारा, फक्त माझ्यासमोर विचारू नका. पण सौद्यात माझा हात धरणारा कुणी नाही. बाजारात वसमतच्या एका चाचांशी माझ्या गाभण मेंढ्यांचा सौदा चालला होता. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरत होता; त्यांची बोटं माझ्या मुठीत, आता एका बोटाचाच काय तो फरक. तेवढ्यात साडूभाऊ कुठूनसे उगवले, माझ्या मेंढीचं नाक दाबलं, आणि तिनं चाचांच्या नव्या चपलेवरच आपलं म्हणणं मांडलं. वर हे डबा हलवत ओरडले, "परवाच्या तपासणीत हिच्यात युरिया लई कमी निघाला! नुसत्या कडब्यावर हाय ही, प्रथिन न्हाई!" चाचांची बोटं रुमालातून सुळकन निघाली. "भाई," ते चप्पल झटकत म्हणाले, "पहले इसको खिलाओ, फिर मेरा हाथ पकडो." सारा बाजार हसला. ते हसू अजून माझ्या कानात आहे, आणि साडूभाऊंना मी ते माफ केलेलं नाही.

न खपलेल्या मेंढ्या घरी आल्या. बायको म्हणाली, "गेल्या साली पिल्लं जन्मली तशी माना टाकत गेली. औंदा दाजींचं ऐकून तर बघा." पिल्लांचं नाव निघालं की माझं भांडण तिथंच संपतं. मी रागारागानंच तुरीचं भुसकट, सुबाभळीचा पाला आणि घमेली भरभरून सरकी पेंड घातली. साडूभाऊ पुन्हा बाटल्या घेऊन गेले आणि परत आले ते कपाळाला हात लावून. "अरे, काहून येवढी पेंड घालून राहिला? आता युरिया उतू चालला! तू तुझी पेंड मेंढीच्या वाटेनं जमिनीत वतून राहिला!"

"तुमीच म्हनले ना, प्रथिन पायजे?"

"पायजे म्हनलो, वरात काढ म्हनलो न्हाई!"

त्या दिवशी आमचं असं जुंपलं की शेळ्याही चरायच्या थांबल्या. तरी पेंडीचं माप त्यांनीच ठरवून दिलं, आणि मी शिव्या देत देत ते पाळलं.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना डबा बांधलेली काठी माझ्या गोठ्यात ठेवून गेले. मी ती रोज फेकायची ठरवली आणि रोज राहिली.

परवा मेंढ्या व्यायल्या. पिल्लं धडपडत उभी राहिली आणि आचळांना अशा ढुशा देऊ लागली की बघत राहावं. सगळी जगली. फोन लावला, तर एका डोळ्याला पट्टी बांधलेला तो माणूस पलीकडून आधी मला पिल्लं मोजायला लावू लागला. मग हळूच म्हणाला, "आईचं मूत धरलं का रे? तिला आता दूध बनवायचं हाय. आता कमी पडाया नको."

"मला काय तोच धंदा हाय?" मी खेकसलो आणि फोन ठेवला.

आज उजाडायच्या आत मी गोठ्यात उभा होतो. व्यायलेल्या मेंढीचं नाक दाबायला हात काही धजेना. लेकरं तिच्या कुशीत झोपली होती. मेंढीला ही रीत लागू नाही, हे ठाऊक असूनही मी काठी पुढे धरली आणि इकडेतिकडे कुणी नाही असं बघून म्हणालो, "ऊठ माय, ऊठ."