पाऊलबाबांची पाणथळ

पाऊलबाबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. अकोले तालुक्याच्या डोंगरात, सड्यावरून म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरून झिरपणाऱ्या पाण्यावर जगणारा एक लहानसा पाणथळ तुकडा तारेचे कुंपण घालून राखला होता. बाबा तिथले राखणदार. चपला बाहेर काढायच्या, दगडी डोणीत पाय धुवायचे, कपड्यांना चिकटलेली कुसळे वेचून त्यांच्या डब्यात टाकायची. मगच फाटक उघडे. “गाजरगवत मानसाच्या पायानं येतं,” ते म्हणत, “आन् आलं की जायाचं नाव घेत न्हाई.”

आत गेल्यावर त्यांच्या पावलात पाऊल टाकून, एकामागे एक चालायचे. माझ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच त्यांना हे नाव ठेवले. एकदा एक बडे पाहुणे बुटांसकट आत शिरले आणि ओळ सोडून फोटो काढायला वळले. बाबा शांतपणे म्हणाले, “सायेब, टाचंखाली दवबिंदूचं रोप हाय. त्यो माशी खातो, बूट न्हाई पचायचा त्याला.” साहेबांनी तिथेच बूट काढून हातात घेतले.

मी तेव्हा कॉलेजात नुकतीच वनस्पतिशास्त्र शिकवू लागले होते. माझ्या वहीत रकाने आखलेले असत: नाव, संख्या, फुलण्याचा काळ, ठिकाण. बाबांना अक्षर येत नव्हते. ते झाड शेजाऱ्यावरून सांगत: या खडकाच्या उजव्या अंगाला, त्या लव्हाळ्याच्या पाठीशी. तिथले खरे धन म्हणजे पांढरी आमरी, जमिनीत कंद धरणारे ऑर्किड. जेमतेम ओंजळभर रोपे. आसपासच्या डोंगरांत मला ती दुसरीकडे कुठे सापडली नव्हती.

विद्यार्थ्यांची सोय म्हणून मी पत्र्याच्या पाट्या रंगवून घेतल्या आणि दुर्मिळ झाडांशेजारी रोवायचे ठरवले. बाबा म्हणाले, “पाट्या कुनासाठी, बाई? झाडाला ठावं हाय त्याचं नाव.” मी पाट्यांचे फायदे समजावून सांगितले. ते उठून पाट्यांच्या खुंट्या स्वतःच्या हाताने ठोकू लागले. मी ती संमती समजले.

पुढच्या श्रावणात गेलो तर कुंपण एका बाजूने कापलेले. आत आमरीच्या पाट्या आडव्या पडलेल्या आणि प्रत्येकीशेजारी पहिल्या पावसात खणलेला, आता पाण्याने भरलेला खड्डा. आमरीचे कंद शक्तीच्या औषधाला जातात, हे मला माहीत होते. तेव्हा, पाने नुकती वर आलेली असताना, अनोळखी माणसाला आमरी ओळखता येत नाही. ती ओळख मीच सुवाच्य अक्षरात करून दिली होती. मुले माझ्याकडे बघत होती. मी बाबांना म्हटले, चूक माझी आहे, मी वर तसे लिहून कळवते.

“आदी कुसळं काडा,” बाबा म्हणाले.

मी काढली. ते मला पाट्यांवरून पुढे, खडकाला वळसा घालून घेऊन गेले. तिथे पांढरी आमरी फुलली होती. सगळीच्या सगळी.

“पाट्या तुमी गेल्यावर उपटून लव्हाळ्यात ठोकल्या म्या,” ते म्हणाले. “लव्हाळ्याचं गड्डं नेलं त्यांनी. खाऊ द्या, पोट तरी साफ हुईल.”

मला आधी का नाही सांगितलेत, असे मी जरा चिडूनच विचारले.

“तुमी वहीत लिवलं आसतं.”

लिहिलेच असते, तारखेसकट.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. बाबांचे गुडघे धरले होते. फाटकापाशी ते म्हणाले, “आज तुमी व्हा पुढं.” मी आठवणीने चालत राहिले, मागून त्यांची काठी चिखलात रुतल्याचा आवाज येत होता. खडकाच्या वळणावर, आमरीच्या जागेशी, मी उचललेले पाऊल मागे घेतले आणि डावीकडच्या दगडावर ठेवले. मागून फक्त “व्हय” एवढे ऐकू आले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेल्याचे पुढच्या हिवाळ्यात पत्राने कळले.

माझ्या याद्या अजून चालू आहेत आणि त्या चोख असतात. फक्त आमरीपुढचा ठिकाणाचा रकाना कोरा आहे. तो कोरा का, असे एखादा विद्यार्थी विचारतोच. मी त्याला त्या फाटकापाशी नेते आणि चपला काढायला सांगते.