पारूची जागा

रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. धुळीसारखे आपसूक अंगावर बसतात. संध्याकाळी पदर झटकला की निम्मे पडून जातात, निम्मे घरी येतात. हे घरी आलेले.

आम्ही पाच जणी. किल्लारीकडच्या एका गावच्या, एका गल्लीतल्या. भूकंपात गाव पडलं, आणि पुढं आम्ही लातूरला क्लासवाल्या रस्त्यावर भाजी विकायला बसू लागलो. त्यातली फातमा आणि गया तुम्हाला इथं भेटतील. पारूही भेटेल, पण ती या पाचांत नाही.

*

जुन्या गल्लीत आधी माझं घर, मग पारूचं, मग फातमाचं. फातमाचं विरजण संपलं की ती तिकडून हाक मारायची. मी भिंतीवरून वाटी पारूला द्यायची, पारू पुढं फातमाला. देता देता बोट बुडवून चाखायची!

भूकंपानंतर सरकारनं नवं गाव बांधलं. साहेब नकाशा दाखवून म्हणाले, "रस्ते असे रुंद काढलेत, बस दारातून जाईल!" घरं मिळाली ती ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणं. मी एका टोकाला. फातमाला जमीन नव्हती, ती पार दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदा विरजणाला आली ती दुधाचं भांडं घेऊनच आली. दुसऱ्या दिवशी सांगते कशी, "आक्का, तुझ्या घरी विरजण घालून निघाले. माझं घर येईस्तोवर दही लागलं की गं!"

*

घरं वाटायची होती त्या दिवशी साहेब एकेक नाव पुकारत होते. पारूचं नाव येईना. मी उठून उभी राहिले.

"साहेब, पारूचं घर?"

"तिच्या मागं कोण आहे?"

"कुणीच न्हाई. ती, नवरा, लेकरं, सगळी त्याच रात्री गेली."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं हातातला कागद खाली ठेवला. "मग मावशी, घर कुणाला देऊ?"

बरोबरच होतं त्याचं. मी खाली बसले.

*

लातूरला पहिल्या दिवशी काळीपिवळी जीपमधून उतरलो, आणि जिला जशी जागा दिसली तशी ती बसली. कुणी काही ठरवलं नव्हतं. जरा वेळानं टोकाला बसलेली गया ओरडली, "अगं बायांनो, ही तर आपली गल्ली!"

बघतो तर खरंच! घरं होती त्याच ओळीनं बसलो होतो. माझ्या आणि फातमाच्या मधे एका पाटीची जागा मोकळी सुटली होती.

त्या दिवशी मेथी कुणी विकली आणि कशी विकली, मला काही आठवत नाही.

*

गया एकदा काकड्या पोचवायला एका हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर गेली. खालून मोठा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. गया पाटी, चपला, सगळं तिथंच टाकून जिन्यावरून खाली! नांदेडहून शिकायला आलेल्या पोरी हसत हसत मागून चपला घेऊन आल्या. तेव्हापासून तिचं एकच, "डोक्यावर चार मजले घेऊन झोपतात पोरी, आणि म्हणे परीक्षेचं टेन्शन येतंय!"

ती अजून अंगणात झोपते. थंडीतसुद्धा.

*

मग रस्ता रुंद झाला आणि मधोमध डिव्हायडर आला. गिऱ्हाईक तिकडं, आम्ही इकडं. एक पोरगी पलीकडून ओरडली, "मावशी, अर्धा किलो काकडी!" मी पिशवी भरली, पण देऊ कशी? एका ऑटोवाल्यानं पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि लांबच्या चौकातून यू-टर्न मारून नेऊन दिली. वाटेत एक माणूस बसायला आला तर त्याला म्हणाला, "थोडं सरकून बसा, काकडीची सीट हाय!"

*

एकदा एक मोबाइल कव्हर विकणारा आला. मधल्या जागेवर चादर अंथरू लागला. "इथं तर रिकामंच आहे."

फातमा म्हणाली, "रिकामं न्हाई भाऊ. आमची बाई यायची हाय."

बिचारा दुपारपर्यंत थांबला. मग ओळीच्या शेवटी, गयाच्या पलीकडं बसला. पुढं रोज विचारायचा, "आली का हो तुमची बाई?" आम्ही माना हलवायचो. कुणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण एक दिवस त्याचं विचारणं बंद झालं. त्यानंतर त्या जागेवर कुणी मोटारसायकल लावली की आमच्या आधी तोच धावायचा. "ओ साहेब, गाडी काढा! बाई यायची हाय!"

*

आता शेवटचा.

रस्त्यावर बसणाऱ्यांना जागा आखून द्यायची ठरली. महापालिकेच्या एक मॅडम रंगवाल्याला घेऊन आल्या. मॅडम तरुण, बोलायला गोड. एकाला एक लागून पांढरे चौकोन काढले. रेषेच्या बाहेर बसलं तर गाडी येऊन माल उचलून नेणार, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

मी म्हणाले, "मॅडम, आमाला सहा काढा."

त्यांनी आम्हाला मोजलं. "पाच जणी, आजी. पाचच मिळतील."

पहिल्या दिवशी चौकोनांत बसलो. फातमाचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी गया कुणाला काही न सांगता रेषेच्या बाहेर, नालीच्या कडेला जाऊन बसली. मग बाकीच्या एकेक घर सरकल्या. माझ्या आणि फातमाच्या मधला चौकोन मोकळा झाला. तेव्हापासून बाहेर बसायची पाळी लावली. आज ही, उद्या ती.

माझ्या पाळीला गाडी आली. एक पोरगा उडी मारून उतरला, माझी पाटी उचलली. मला बघितलं आणि तिथंच थांबला. चांगल्या घरचा असावा. हळूच म्हणाला, "आजी, तो मधला चौकोन रिकामाच आहे. पाटी तिथं ठेवतो. मग मला न्यावी लागणार नाही."

पाटी भरलेली होती. अंबाडी, चुका, सकाळीच तोडलेल्या काकड्या. फातमानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई रे बाळा," मी म्हणाले, "गाडीतच ठेव."