इंजिनाला लागलेली हळद

कोल्हापुरात आजवर जेवढे ट्रक धावले, त्यांतल्या एकावरही कुणी माझ्या थोरल्या मामांइतकी माया केली नसेल, आणि एकाही ट्रकनं मालकाला इतकं छळलं नसेल. हंगामात बिद्रीच्या साखर कारखान्याकडं ऊस वाहायचा आणि उरलेलं वर्ष रेडिएटरमधलं पाणी जातं कुठं ते शोधायचं, असा मामांचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी काठोकाठ भरलेलं पाणी दुपारी तळाला जाई आणि जमिनीवर मात्र थेंब सापडत नसे. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी ट्रकखाली घातलं जाई. "बगा पावणं, तुमची नजर नवी हाय." पाहुणा पांढऱ्या विजारीसकट उताणा पडून काही दिसत नाही म्हणाला, की मामा समाधानानं म्हणत, "मंग मी काय म्हंतोय?" त्यांनी पाईप बदलले, टोपणात सायकलच्या ट्यूबची चकती बसवली, इंजिनाला कान लावून कान भाजून घेतला. एकदा बॉनेटखाली ओल सापडली, तर बोट लावून चाटून पाहिलं आणि जाहीर केलं, "ह्ये आपलं न्हवं. ह्ये पावसाचं." शेवटी निदान झालं की गाडी पाणी पिते. म्हैस पिते, मग गाडीनं काय घोडं मारलंय?

असल्या ट्रकमधून माझ्या लग्नाचं वऱ्हाड आजऱ्याला निघालं. दुसरी गाडी ठरवू म्हणणाऱ्या माझ्या वडिलांशी मामांनी बोलणंच टाकलं होतं. सकाळी मला हळद लागली होती आणि उरलेली उष्टी हळद पितळी डब्यात घेऊन आत्या मागं बायकांत बसली होती. ती पोचल्याखेरीज नवरीला हळद लागणार नव्हती, आणि हळदीशिवाय अक्षता कुठल्या? आजऱ्याच्या अलीकडच्या चढावर इंजिनानं वाफ सोडली. मामा उतरले, इंजिन निवू दिलं, घागरभर पाणी ओतलं आणि ओरडले, "हळद हाय का गं कुनाकडं?" त्यांचं बोट कापलं असणार असं समजून आत्यानं घाईघाईनं डबा पुढं केला. चिमूटभर घेतील अशी तिची समजूत. मामांनी अख्खा डबा पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये रिता केला. हळद फुगते आणि भोक बुजवते, हे तेव्हा सगळ्या ड्रायव्हर लोकांना ठाऊक होतं. इंजिन चालू झालं आणि त्याच्या कुशीवर एक पिवळाधमक ओघळ उतरला. लोखंडाला केसाएवढी चीर होती. आजवर तिथलं पाणी तापल्या इंजिनावर जागीच वाळून जात होतं, आता हळद मागं राहिली. "घावली! घावली की सटवी!" मामा भर रस्त्यात नाचू लागले.

नाचणारे ते एकटेच होते. आत्यानं कपाळावर हात मारला. "अवो मामा, उष्टी हळद हुती ती! आता नवरीला काय लावू, इंजनाचं पानी?" मी आंघोळ करून बसलो होतो, तरी माझ्या कानामागं काही उरलंय का ते बायकांनी तपासून पाहिलं. हळदीनं चीर बुजली, गाडी सुखरूप आजऱ्याला पोचली, पण उतरल्यावर मामा चीर बघायला बॉनेटकडं फिरकलेसुद्धा नाहीत. भाच्याच्या लग्नात आपण अपशकुन केला, एवढंच त्यांच्या मनात घोळत असणार.

मांडवात सगळं ऐकून घेतल्यावर नवरीच्या मावशीनं डब्याच्या काठावरून बोट फिरवलं. शास्त्रापुरती निघाली. ती तिनं घरच्या हळदीत कालवली आणि म्हणाली, "झालं की! येवढं काय मनाला लावून घेतासा?" तेवढ्यात मामांचे कोपरापर्यंत पिवळे झालेले हात तिला दिसले. "आगं बाई! पावणं, नवऱ्यापरास तुमास्नीच जास्त लागली की हळद!"

सगळा मांडव हसला. मामाही हसले. पाठच्या बहिणी उजवता उजवता त्यांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं, हे मावशीला कुठून ठाऊक असणार? माझ्या आईनं मात्र डोळ्यांना पदर लावला.

अक्षता पडल्यावर पंगतीच्या वेळी मी तांब्या आणि साबण घेऊन त्यांच्यापुढं गेलो. मामांनी उजव्या हाताची बोटं तेवढी धुतली आणि साबण मला परत दिला.

"ऱ्हाऊ दे की रं," ते म्हणाले. "आजच्या दिस."