आठ आणि आठ चार

आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्याकडं वायरींचं काम होतं. गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं आणि घरीही बसवत नव्हतं; अशा माणसाला पार्टीत साउंडवाला करतात. शिरूर-दौंडकडच्या जत्रांतून आम्ही फिरायचो. कलाकारांना हार मिळायचे, मला शॉक.

गिटार माझा मित्र वाजवायचा. वडगाव रासाईचा, पोटासाठी कारखान्यात फिटर. दौंडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यानं गिटारीसाठी खास अ‍ॅम्प बनवून घेतला होता. त्याला मागून स्पीकरचं एक खोकं जोडायचं. स्पीकर करंटला किती अडवतो, त्याचं माप ओममध्ये असतं. खोकं आठ ओमचं होतं, आणि अ‍ॅम्पच्या पाठीवर मित्रानं पांढऱ्या रंगात लिहून ठेवलं होतं: 'कमीत कमी ८ ओम'. हे माझ्यासाठीच लिहिलं होतं, कारण पार्टीत मागच्या बाजूला मी एकटाच जायचो.

मग त्याच्या किडन्या गेल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मशीनवर रक्त धुवावं लागेल, आणि त्यासाठी डाव्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन करावं लागेल. डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. बोटं चालतील का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची चालतात, काहींची बधिर पडतात. आमचा गडी आयुष्यात कधी 'बहुतेकां'त नव्हता, त्यामुळं त्यानं काय ते ओळखलं.

ऑपरेशनच्या आधी केंदूरच्या जत्रेचा कार्यक्रम तेवढा उरला होता.

"ह्यो शेवटचा धर," तो मला म्हणाला. "पुढं बोटं हायेत का न्हाईत, कुणाला ठावं. आवाज तेवढा नीट लाव. दुसरं काय मागत न्हाई."

नीट म्हणजे मोठा, अशी माझी धंद्यातली समजूत. मी मंडपवाल्याकडून तसलीच आणखी तीन खोकी उसनी आणली आणि सगळी एकाशेजारी एक, प्रत्येकाची वायर वेगळी, अशी थेट त्याच्या अ‍ॅम्पला जोडली. हिशेब पक्का होता. आठ आणि आठ सोळा, चार खोक्यांचे झाले बत्तीस. कमीत कमी आठ पाहिजेत, आपण चौपट दिले. मित्रासाठी एवढंही करायचं नाही का?

वहिनी त्याच्याबरोबर आल्या होत्या. त्याला पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं, म्हणून लहान बाटली पदराखाली धरून स्टेजच्या कडेला बसल्या होत्या.

"भाऊजी, आज एवढी खोकी कशाला?"

"वहिनी, आज शिरूरच्या एसटी स्टँडवर गाड्या थांबतील ऐकायला!"

एरवी तो स्वतः मागं येऊन माझ्या वायरी तपासायचा आणि दोन शिव्या घालून जायचा. त्या दिवशी पाय सुजलेले. खुर्चीतूनच ओरडला, "समदं बराबर हाय ना रं?"

"तू वाजव!"

पहिलं गाणं मी विसरणार नाही. आवाज असा सुटला की म्हातारी माणसंसुद्धा मान वळवून बघायला लागली. तो मागं वळून माझ्याकडं बघून हसला. आजारपण लागल्यापासून तो तसा हसला नव्हता. मी छाती फुगवून उभा राहिलो. नशिबानं फोटो कुणी काढला नाही.

दुसऱ्या गाण्याला गिटारीचा घसा बसला. मग वास आला. मग अ‍ॅम्पच्या जाळीतून धूर निघाला, आणि सगळं गप्प. पोरांना वाटलं ऑर्केस्ट्राचा धूर आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

बांबूला धरत धरत तो मागं आला. वायरींवरून हात फिरवला.

"शेजारी शेजारी जोडलीस?"

"व्हय. आठ आन् आठ सोळा..."

"चार," तो म्हणाला. "आठ आन् आठ चार. आन् चार खोक्यांचं दोन."

"असं कसं?"

"बंधाऱ्याच्या दारातली एक फळी, ढापा, काढला तर पाणी बेतानं जातंय. तू चार काढले. मग अडवायला राहिलं काय?" तो थोडा दम खाऊन म्हणाला, "अ‍ॅम्पनं जेवढं हुतं तेवढं समदं एकदम दिलं लेका."

शिवी दिली नाही. तीच मला लागली.

गायकांच्या अ‍ॅम्पमध्ये गिटार घालून बघितली. बाटलीत माशी कोंडल्यासारखा आवाज आला. त्यानं अर्ध्या गाण्यात वायर उपटली, गिटार पिशवीत घातली आणि खुर्चीवर बसून राहिला. कार्यक्रम चालू राहिला. लावणीला टोप्या उडाल्या. वहिनींनी त्याला दोन घोट पाणी दिलं.

अ‍ॅम्प मी दौंडला नेऊन टाकला. आतले ट्रान्झिस्टर गेले होते, ट्रान्सफॉर्मरही भाजला होता. दुरुस्तीवाला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. मी ते तसंच वडगावला नेऊन सांगायचो.

ऑपरेशननंतर त्याची दोन बोटं बधिर पडली. खाटेच्या लोखंडी दांडीवर ती दाबत बसायचा.

"आला का रं अ‍ॅम्प?"

"पुढच्या आठवड्यात."

नंतर त्यानं विचारायचं सोडलं. नंतर दांडीवर बोटं दाबायचंही सोडलं. उन्हाळ्यात तो गेला.

दहाव्याला भीमेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा चिंचेवर येऊन बसला, पण खाली उतरेना. त्याचे वडील पुढं झाले. "तुझ्या पोरीची शाळा थांबणार न्हाई रं बाबा," म्हणाले. कावळा ढिम्म. मागून कुणीतरी बोललं, "आबा, त्याचा जीव त्या गिटारीत. साउंडवाल्याला पुढं करा."

मला ढकललं. सगळा गाव बघत होता. मी हात जोडले.

"अ‍ॅम्प आणतो गड्या. एकच खोकं लावतो. आठाला आठ."

कावळ्यानं माझ्याकडं नीट बघितलं, पंख झटकले आणि नदी ओलांडून पलीकडं दौंड तालुक्यात निघून गेला. बहुधा अ‍ॅम्प झाला का ते बघायला. माझ्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता, आणि तो का असावा? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि माणसं अंघोळीला पाण्यात उतरली.

पुढं अ‍ॅम्प झाला. एसटीत मांडीवर घेऊन आणला. वहिनींच्या ओसरीवर ठेवला, त्याचं जुनं खोकं जोडलं, बटण दाबलं. बारीक घूं सुरू झाली. आत खुंटीला गिटार पिशवीतच होती.

आबा खाटेवर उठून बसले. वहिनी दारात आल्या.

"आवाज येतोय का, भाऊजी?"

"येतोय."

"किती खोकी लावली?"

"एकच."

त्यांनी थोडा वेळ ती घूं ऐकली.

"बरं. मग बंद करा आता."