सुटं सुटं बघू

वडापाव सुटा करून खाणारं माणूस तुम्ही बघितलंय का? मी बघितलंय. ती आधी नुसता पाव चावायची. मग वड्याचा तुकडा. मग चटणी बोटावर घेऊन जिभेला लावायची. तिन्ही पास झाले की परत जोडायची आणि मग खायची.

मी बोललो, "अगं पोरी, पोटात जाऊन सगळं एकच होणार ना?"

"होऊ दे की काका. पण खारट लागलं तर कोण खारट ते कळायला नको? सुटं सुटं बघू."

ती पाली गावची. नागावला आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायची. मी अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडी हाकतो. ओहोटीला पाणी हटलं की माणसं किल्ल्यात न्यायची, भरती चढायच्या आत परत आणायची. माझं शिक्षण तिसरी. तीपण दोनदा केली, म्हणून पक्की आहे.

आमच्या गाडीवाल्यांच्या संघटनेनं तिला मोबाइलचं अ‍ॅप करायला दिलं होतं. किल्ल्याची वाट कधी मोकळी, कधी पाण्यात, हे पाहुण्यांना फोनवर दिसावं म्हणून. तिचं हे पहिलंच काम. माणूस मी मिळवून दिला म्हणून मीच मिरवत होतो.

आठ दिवसांनी अध्यक्ष बघायला आले. स्क्रीन पांढरीफेक.

"काय केलंस गं आठ दिवस?"

"तपासायचा साचा बसवला, दादा. फोन दोन तऱ्हेचे, म्हणून साचे पण दोन."

"आणि अ‍ॅप?"

"ते आता सुरू करते."

अध्यक्षांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मंजुळाच्या मागं जाऊन उभा राहिलो. मंजुळा म्हणजे माझी घोडी. तिनं पण मला लाथ मारली.

मग तिनं मला समजावलं. अ‍ॅपचे बारके तुकडे करायचे. एक भरती काढणार, एक घड्याळ बघणार, एक 'वाट चालू' की 'वाट बंद' ते सांगणार. प्रत्येक तुकड्याची वेगळी परीक्षा. पास झाला तर हिरवा दिवा, नापास झाला तर लाल. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. "तुम्ही नाही का काका, सकाळी आधी चाक हलवून बघता, मग आस, मग पट्टे, आणि मग घोडी जुंपता? तेच हे."

मी फुगलो. महिनाभर किनाऱ्यावर सांगत सुटलो, माझी गाडी युनिट टेस्ट केलेली हाय. दोन पाहुण्यांनी वीस रुपये जास्त दिले.

भरतीचा छापील तक्ता मी वाचायचो, ती टाइप करायची. आकडे मला येतात. वर्षभराचं वाचून झालं, तर बोलली, "आता हे बरोबर आहे का ते कोण सांगणार?"

मी बोललो, "माझा बा सांगंल. तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. तासभर मागंपुढं धर." बाबा जाऊन बारा वर्षं झाली. तिनं बाबांचा हिशोब अ‍ॅपच्या परीक्षेत घातला. आता रोजचा आकडा बाबांसमोर उभा राहणार! मला हसू आवरेना. शाळेत मी जे भोगलं ते आता मोबाइलनं भोगायचं होतं.

अ‍ॅपचा नारळ रविवारी फुटणार होता. शुक्रवारी एक दिवा लाल लागला. पुढच्या पौर्णिमेचा.

"काका, तो छापील तक्ता आणा. ओळ परत बघू."

"उद्या आणतो," मी बोललो. तक्ता गाडीच्या सीटखाली होता. पण मंजुळानं त्याचा कोपरा खाल्ला होता, आणि तक्ता होता अध्यक्षांचा. आता कुठल्या तोंडानं दाखवणार?

शनिवारी संघटनेची बैठक. अध्यक्ष बोलले, "साडेतीनशे हिरवे हायत, एका लालसाठी काय अडलंय? तो दिवा काढून टाक. न्हायतर काम दुसऱ्याला देतो."

मी पण बोललो, देवा! "काढ गं पोरी. माझा बा पण कधीकधी चुकायचा."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग फोन सगळ्यांसमोर धरला. "पौर्णिमा, दुपारी बारा. अ‍ॅप म्हणतंय ओहोटी, वाट चालू. काका, त्या वेळी तुम्ही गाडी घालाल?"

मी खो खो हसलो. "पौर्णिमेला बारा वाजता? मंजुळाला पोहायला शिकवू काय?"

कोणीच हसलं नाही. आम्ही गाडीवाले पाणी डोळ्यांनी बघतो. पण पुण्याहून पोरं घेऊन आलेला माणूस फोन बघून चालत सुटणार.

"असं लिहिलं कोणी?" अध्यक्ष ओरडले.

"टाइप मी केलं, दादा," ती बोलली. पुढं एक अक्षर नाही. काम जात होतं तिचं, तरी नाही.

मला तो दिवस आठवला. पौर्णिमेची ओळ वाचताना गिऱ्हाईकानं हाक मारली, मी उठलो, परत आलो आणि भरतीच्या जागी ओहोटी वाचली. तसाच बैठकीतून उठलो, गाडीतून तक्ता आणला आणि अध्यक्षांच्या हातात दिला.

"टाइप तिनं केलं, वाचलं मी. आणि कोपरा मंजुळानं खाल्ला. गाडीला कोणाला जुंपायचं ते आता तुम्ही ठरवा."

अध्यक्षांनी कोपरा बघितला, मला बघितलं, आणि हसता हसता खुर्चीवरून घसरले. ओळ बदलली. दिवा हिरवा झाला. तेव्हा कुठं तिनं समोरचा वडापाव उचलला, आणि सुटा न करता अख्खा चावला!

आता ती बेंगलोरला असते. खोली रिकामी आहे. आमची बायको अजून वर चहा घेऊन जाते आणि अर्ध्या जिन्यातून परत येते.

जायच्या आधी तिनं मला त्या परीक्षेचं नाव दाखवलं होतं. अक्षरं इंग्रजी, मला वाचता येईना, म्हणून वाचून दाखवलं. माझ्या बाबांचं नाव. अ‍ॅपमध्ये काही बदललं की अजून आधी त्यांनाच विचारतात म्हणे.

परवा पौर्णिमा होती. बारा वाजता लाटा किल्ल्याच्या भिंतीला. एक पाहुणा बोलला, "चला की, डबल पैसे देतो."

मी मंजुळाच्या तोंडाला चाऱ्याची पिशवी बांधली. "न्हाय साहेब. बा न्हाय म्हणतो."